सांगा बघू, कितीला घेतली?

आमच्या इमारतीत एखाद्या बाईला "साडी छान आहे हो" म्हटलं, तर ती थँक्यू म्हणत नाही. ती विचारते, "सांगा बघू, कितीला घेतली असेल?"

ही परीक्षा असते. मनात जो आकडा येईल त्याच्या निदान दुप्पट सांगायचा, हा तिचा नियम. साडी चारशेची वाटली तर "बाराशेच्या खाली नसणार" असं ठोकून द्यायचं. मग ती बाई जरा थांबते, पदर सारखा करते आणि म्हणते, "साडेतीनशे! सेलमध्ये!" इथे आपण "काय सांगता!" म्हणून पदराचं टोक दोन बोटांत धरून पोत बघायचा. एवढं झालं की दोघींचाही दिवस बरा जातो. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत "साडेतीनशे असेल" असं सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. त्यांना भिशीत घ्यायला वर्ष लागलं.

कंजूष आणि काटकसरी ही दोन वेगळी माणसं आहेत, हे कळायला ही साडी पुरे. कंजूष पैसे वाचवतो आणि गप्प बसतो. कळलं तर कोणी उसने मागेल ही त्याला धास्ती. काटकसरी माणसाकडे उसने द्यायला काही नसतंच, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो. दहा रुपये वाचवल्याची हकिकत ऐकायला त्याला दहा माणसं लागतात, आणि त्या दहा जणांना चहा पाजताना शंभर गेले तरी त्याचं काही म्हणणं नसतं. कंजुषाकडे पाहुणा आला की नेमकं दूध संपलेलं असतं. आमच्याकडे पाहुणा आला की दूध शेजारून येतं, आणि तो गेल्यावर दोन दिवस आम्ही कोरा चहा पितो. तोही कौतुकाने. "कोऱ्या चहाने पित्त होत नाही," असं आई सांगते. दूध आलं की हे पित्त पुन्हा कुठे जातं, कोण जाणे.

आम्ही डोंबिवलीत राहतो. आई, बायको, मुलगी आणि मी. पगार एक तारखेला येतो आणि घराचा हप्ता, शाळेची फी, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स असे मानकरी पाच तारखेच्या आत आपापला मान घेऊन जातात. उरेल त्यावर आमचं राज्य. सरकारदरबारी मात्र आम्ही श्रीमंत आहोत. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात रेशनकार्डं तीन रंगांची झाली: पिवळं, केशरी आणि पांढरं. ज्याचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या वर, त्याला पांढरं. बाबांचा तेव्हाचा पगार ती रेघ जेमतेम ओलांडून पलीकडे पडला. पांढऱ्या कार्डावर ना गहू मिळत ना साखर, पण आईने ते लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवलं आहे. घरात श्रीमंतीचा तेवढा एकच कागद.

खरं राजकारण चालतं ते विजेच्या बिलावर. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 युनिटांना त्याहून बराच चढा, पुढे आणखी चढा. आईच्या दृष्टीने शंभर हा आकडा लक्ष्मणरेषा आहे. संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे हा संवाद रोज होतो:

"आतल्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग दिवा कोणासाठी?"

याला अजून कोणालाही उत्तर सुचलेलं नाही. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन तिच्यापुढे बसलो. म्हटलं, "आई, नऊ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त जळाला, तर कुठे एक युनिट होतं. आपला गीझर दोन हजार वॅटचा. तो अर्ध्या तासात एक युनिट खातो. दिव्याचं काय घेऊन बसलीस?" आईने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "गीझर आंघोळ तरी घालतो. दिवा नुसता भिंतींना उजेड दाखवतो." मग मी तिला समजावलं, की शंभरच्या वर एखादं युनिट गेलं तर फक्त ते एकच महाग पडतं, आधीच्या शंभरांचा भाव काही वाढत नाही. तिने विचारलं, "मग ते एकशे एकावं जाळायचंच कशाला?" हा प्रश्न विद्युत नियामक आयोगापुढे ठेवायला हरकत नाही.

रीडिंग घेणारा यायचा सुमार झाला की आई चष्मा लावून जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन येते आणि जेवताना आकडा जाहीर करते. आकडा नव्वदीत गेला की घरात काही न बोलता बदल होतात. पँटी इस्त्रीऐवजी गादीखाली जातात. रात्रभर त्यांच्यावर झोपायचं आणि सकाळी कूस न बदलल्याबद्दल शाबासकी घ्यायची. मिक्सर बंद होतो आणि खलबत्ता खाली येतो. "ठेचल्याची चव मिक्सरला नाही," असं बायको म्हणते. चव खरोखरच वेगळी असते, पण ती फक्त महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच का आठवते, हे विचारायचं धैर्य माझ्यात नाही. माझा आणि बायकोचा फोन आपापल्या ऑफिसात चार्ज होतो. मध्यंतरी बायको पॉवर बँकही नेऊ लागली होती. तेव्हा आईनेच तिला थांबवलं, म्हणाली, "अगं, दुसऱ्याच्या घरचं किती घ्यायचं, याला काही मर्यादा?"

गॅसचा हिशोब कालनिर्णयवर असतो. 1973 साली निघालेल्या या दिनदर्शिकेवर तिथी, सण आणि एकादशी बघणारी घरंही असतील. आमच्याकडे त्या चौकोनांत दुधाचे खाडे, कामवाल्या बाईंचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते, चतुर्थी शोधायची तर "अर्धा लि." आणि "बाई नाही" यांच्या मधून वाट काढावी लागते. 14.2 किलोचा सिलिंडर मागच्यापेक्षा एक दिवस जरी जास्त चालला तरी त्या दिवशी शिरा होतो. तो शिरा परतण्यात अर्ध्या दिवसाचा गॅस जातो, हे इथे सांगून ठेवतो. घरात सांगत नाही. सिलिंडरात किती उरलंय हे बघायची पद्धत मुलीने शाळेतून आणली: ओल्या फडक्याने सिलिंडर उभा पुसायचा आणि थांबायचं. वरचा रिकामा भाग आधी वाळतो, खाली जिथवर गॅस आहे तिथवर ओल टिकते. आता दर रविवारी चौघंही सिलिंडरभोवती उकिडवे बसून तो वाळताना बघतो. टीव्हीला यातलं निम्मंसुद्धा प्रेम मिळत नाही, आणि टीव्हीला वीज लागते.

पण आमची काटकसर खऱ्या अर्थाने हाताबाहेर गेली ती स्वयंपाकघरात, आणि तिला दोडका कारणीभूत आहे.

दोडक्याच्या शिरांची चटणी ठाऊक नाही असं मराठी घर विरळा. दोडका सोलताना ज्या शिरा निघतात त्या टाकून द्यायच्या नाहीत. बारीक चिरायच्या, चमचाभर तेलावर मंद आचेवर ठेवायच्या आणि त्या कुरकुरीत होईपर्यंत जवळून हलायचं नाही. मग तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, लसूण, तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर. फुकटातली चटणी, म्हणून हिचं कौतुक. फुकटातल्या फक्त शिरा. तीळ, खोबरं आणि तेल वाण्याकडून येतं आणि मंद आच सिलिंडरमधून. तरी इथवर सगळं ठीक होतं. मग ही चटणी मुलीला आवडली.

पावशेर दोडक्याच्या शिरांची चटणी मूठभर होते. ती एका जेवणात संपते. म्हणून किलोभर दोडका येऊ लागला. शिरांची सोय झाली, पण खाली दोडका उरला. दोडक्याची भाजी आमच्याकडे कोणालाच आवडत नाही. आईलाही नाही, पण ते ती कबूल करत नाही. भाजी दोन दिवस फ्रिजमध्ये राहते. तिसऱ्या दिवशी बायको ती भाजणीत मळून थालीपिठं लावते. थालीपिठावर लोण्याचा गोळा हवा. लोण्याला साय हवी. गाईच्या दुधाला मनासारखी साय येत नाही म्हणून आम्ही अर्धा लिटर म्हशीचं दूध वाढवलं. लोणी काढल्यावर ताक उरलं, ताकाची कढी झाली, कढीबरोबर खिचडी आली, आणि खिचडीवर तूप. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर शिरा वाया जाऊ नयेत म्हणून.

फोडणीच्या पोळीचंही तेच. आदल्या दिवशीच्या पोळ्या उरल्या तर कुस्करायच्या, कांदा, शेंगदाणे घालून फोडणीला टाकायच्या आणि वर लिंबू पिळायचं. काही घरांत हिला "माणिकपैंजण" असं पैठणी नेसवलेलं नाव आहे. आमच्याकडे ती इतकी आवडते की आता रात्री कणीक मळतानाच चार पोळ्यांची जास्त मळतात. उरण्यासाठी केलेल्या पोळीला शिळी म्हणावं का, यावर सासू-सुनेत मतभेद आहेत. बाकी बहुतेक विषयांवर त्यांचं एकमत असतं आणि ते माझ्याविरुद्ध असतं. पाककृती बायको 'रुचिरा'तूनच करते. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 सालचं. त्यात प्रमाणं वाटीची आहेत, आणि त्यासाठी तुमच्या घरी एकच वाटी असायला हवी. आमच्याकडे तुपाला आणि काजूला भातुकलीतून जरा मोठी झालेली वाटी आहे, रव्याला आमटीची.

आंबा आम्ही हवामान खात्याचा अंदाज वाचून खातो. अक्षय्य तृतीयेला देवापुढे मोजकी फळं ठेवतो, देव त्या भावातही समाधानी असतो. खरा आंबा मे अखेरीस. कोकणात ढग आल्याची बातमी आली की पेटीवाल्याचा आवाज मऊ होतो. एरवी माझी बायको पावसाची वाट बघणाऱ्यातली नाही. डोंबिवलीहून रोज लोकलने दादर गाठणाऱ्या बाईला पाऊस म्हणजे काय ते ठाऊक असतं. पण त्या आठवड्यात ती रोज आकाशाकडे बघते. रस काढून झाला की साली आणि कोयी थोड्या पाण्यात खळखळून ते पाणी रसात घालायचं. असं केलं की रस "सारखा होतो". मुळात तो वेगळा का होता, ते विचारायचं नाही.

दादरचा फायदा भाजीलाही होतो. तिथे संध्याकाळी घेतलेला मटार लेडीज डब्यात सोलायला घेतला की डोंबिवली यायच्या आत दाणे वेगळे. शेजारची अनोळखी बाई विचारल्याशिवाय चार शेंगा उचलते आणि सोलू लागते. सोलता सोलता विचारते, "कसा दिला?" बायको म्हणते, "सांगा बघू."

बोहारीण मात्र आमच्या सगळ्यांना पुरून उरते. दुपारी जिन्यात तिची हाळी आली की बायको कपाटाच्या तळाशी जपलेला गठ्ठा काढते. मागच्या खेपेला मी रजेवर घरी होतो म्हणून हा सामना बघायला मिळाला. दोन शर्ट, एक पँट, आणि एक साडी. बदल्यात हवं होतं झाकणाचं मोठं पातेलं. बोहारणीने उंबऱ्यात बैठक मारली, पँट उचलली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली.

"बसायची जागा गेलीय ओ ताई."

"अगं, त्यांचं काम बसूनच असतं. बाकी पँट नवी आहे."

"शर्टाची कॉलर बघा."

"धुतली की निघेल."

"इतकी वर्षं धुतली तवा कुठं निघाली?"

बायको क्षणभर निरुत्तर झाली. हे दृश्य लग्नानंतर मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवून सरसावून बसलो. बोहारणीने छोटं पातेलं पुढे सरकवलं, बायकोने ते परत सरकवलं, मोठं ओढलं, आतून बोट फिरवलं, टिचकी मारून आवाज ऐकला. आईने आतून एक जुनी सोलापुरी चादर आणून गठ्ठ्यावर टाकली. तरी गाडी अडलीच. मग बोहारणीची नजर माझ्याकडे वळली.

"सायबांच्या अंगातली पँट चांगली हाय की."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचा जरा विचार चालला आहे असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "ती अजून वर्षभर जाईल."

"मग वर्षानं येते," म्हणून बोहारीण पातेलं ठेवून उठली. म्हणजे सौदा माझ्या अंगावरच्या पँटीसकट झाला. ताबा तेवढा नंतर द्यायचा आहे. पातेलं सध्या माळ्यावर आहे, कारण रोज वापरायला ते फार चांगलं आहे.

बचतीसाठी म्हणाल तर भिशी आहे. बारा बायका, महिन्याला हजार, दर महिन्याला एका चिठ्ठीला बारा हजार. पहिल्या महिन्यात नंबर लागला तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटच्या महिन्यात लागला तर ती बिनव्याजी ठेव. व्याज नाही, पण खाणं असतं. ज्या घरी भिशी त्या घरचं खाणं, आणि तिथेच गोम आहे. सुरुवात चहा-पोह्यांवर झाली होती. मग कोणीतरी पोह्यांवर बारीक शेव घातली. पुढच्या महिन्यात इडल्या आल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात दहीवडे, आणि दसऱ्याच्या भिशीला पुरणपोळ्या झाल्या. शेवटी "एकच पदार्थ, तोही बिनतळलेला" असा ठराव करावा लागला. ठराव लिहायला सगळ्या आमच्याकडे जमल्या होत्या. त्या दिवशी ठराव अजून झालेला नव्हता म्हणून आईने बटाटेवडे केले.

यूपीआयने एक सुख मात्र हिरावून घेतलं, ते नोंदवून ठेवतो. पूर्वी भाजीवाल्याला बासष्ट झाल्यावर साठ हातावर टेकवून "वरचे दोन राहू दे रे" म्हणत पुढे चालू लागता येत असे. पाठमोऱ्या गिऱ्हाईकाला कोणी दोन रुपयांसाठी हाक मारत नाही. आता त्याच्या गाड्यावरचा डबा मोठ्या आवाजात सांगतो, साठ रुपये मिळाले, आणि भाजीवाल्याआधी रांगेतली माणसं माझ्याकडे बघतात. बायकोने यावर तोडगा काढला आहे. ती बासष्टच देते आणि दोन रुपयांची कोथिंबीर उचलते. कोथिंबिरीला डब्यात आवाज नाही.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीचं. जुन्नरला माझे मामा आहेत. दरवर्षी आम्ही कल्याणहून एसटीने जायचो, माळशेज घाटातून, मुलगी खिडकीशी आणि मी डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये एसटीने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत केला, आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आईची पंचाहत्तरी उलटली आहे. यंदा बायकोने कालनिर्णयच्या कोपऱ्यात हिशोब मांडला: आईंचं शून्य, माझं अर्धं, हिचं अर्धं.

"तिघींचं मिळून एक तिकीट होतं," ती म्हणाली.

"आणि माझं?"

"तुमचं एकट्याचं एक."

घरात शांतता पसरली. खर्च दुप्पट करणारा इसम कोण, हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं होतं. "बाबांना रजा तरी कुठे मिळते," असं मुलगीच म्हणाली. मिळत होती. पण ते सांगून उपयोग नव्हता, कारण आईने तोवर आधार कार्ड पर्समध्ये टाकलंही होतं.

त्यांना सोडायला मी कल्याणच्या स्टँडवर गेलो. गाडी सुटता सुटता आईने खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली. वाटलं, जेवणाखाण्याचं सांगणार.

"अरे, फ्रिजमध्ये दोडक्याची भाजी आहे बघ. ती संपली की फ्रिज बंद करून टाक. एकट्यासाठी कशाला जाळायचा?"